आज रख



गेल्या महिन्यात पुण्याहून एका भगिनींचे पत्र आले. चार पाने, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. या सदराकडे येणारी बहुतेक पत्रे रक्तदाब, गुडघे आणि झोप यांच्याभोवती फिरतात. हे पत्र निराळे होते आणि मी ते तीन वेळा वाचले. त्यातील ओळख पटेल असा मजकूर वगळून, त्यांच्या अनुमतीने, त्याचा आशय येथे देतो.

त्यांच्या सासूबाईंचे वय अठ्ठ्याहत्तर. उभा जन्म सांगलीत, नदीपासून फार दूर नसलेल्या एका जुन्या घरात गेला. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी सत्तावन्न फुटांच्या घरात पोहोचले, तेव्हा त्या घराचा खालचा मजला पूर्ण बुडाला. सासूबाईंना शेजाऱ्यांनी होडीतून बाहेर काढले. पाणी ओसरल्यावर मुलगा त्यांना 'चार दिवसांसाठी' पुण्याला घेऊन आला आणि ते चार दिवस अजून संपलेले नाहीत. सासूबाई उत्तम वाकळ शिवीत. गल्लीतल्या कित्येक बाळंतिणींच्या अंथरुणावर त्यांच्या हातची वाकळ असे. जुन्या लुगड्यांनी भरलेली त्यांची लोखंडी पेटी त्या पुरात चिखलाने भरली आणि घर साफ करणाऱ्यांनी ती तशीच उचलून टाकून दिली. तेव्हापासून त्यांनी सुई हातात घेतलेली नाही. दरवर्षी श्रावण आला, पावसाची झड लागली, की त्यांचे जेवण तुटते, त्या रात्री-अपरात्री उठून दाराच्या फटीशी जमीन चाचपून पाहतात, आणि 'घरी कधी जायचं' हे एकच वाक्य घोळवीत राहतात. घरातील मंडळींना हा विस्मरणाचा आजार वाटतो. मुलाला आता सांगलीचे घर विकायचे आहे, कागदावर आईची सही हवी आहे. सूनबाई विचारतात : सासूबाईंना एकदा सांगलीला न्यावे का? की, सगळे म्हणतात त्याप्रमाणे, तो विषयच घरात काढू नये?

या प्रश्नाचे उत्तर मी त्यांना पत्राने कळविले आहे. परंतु ते लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे सतत कच्छमधील एक गाव होते, आणि त्या गावाविषयी सांगितल्याशिवाय माझे उत्तर अर्धे राहील, असे वाटले. म्हणून आजचे सदर थोडे वळणाने जाणार आहे.

कच्छला भूकंप नवीन नाहीत. १८१९ मध्ये झाला, १९५६ मध्ये अंजारला झाला. पण २६ जानेवारी २००१ या दिवशी सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी, प्रजासत्ताक दिनाची झेंडावंदने चालू असताना जे घडले, त्याला तोड नव्हती. सुमारे १३,८०० माणसे मृत्युमुखी पडली. अंजारच्या एका अरुंद गल्लीतून शाळकरी मुलांची प्रभातफेरी चालली होती आणि दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली. या सदराच्या वाचकांपैकी अनेकांना ती छायाचित्रे आठवत असतील. आपल्याकडे किल्लारीचा घाव तेव्हा जेमतेम साडेसात वर्षांचा होता.

भुजच्या पूर्वेला सुमारे पन्नास किलोमीटरवर धमडका नावाचे गाव आहे. तेथे खत्री समाजाची कुटुंबे शेकडो वर्षे एकच काम करीत आली : अजरख छापणे. त्यांचे पूर्वज सुमारे चारशे वर्षांपूर्वी सिंधमधून कच्छच्या रावांच्या आश्रयाला आले आणि सारण नदीचे वाहते पाणी पाहून धमडक्याला स्थिरावले. पाणी पाहून गाव निवडला, हे ध्यानात ठेवावे, कारण पुढची सारी कथा पाण्याचीच आहे.

अजरख म्हणजे गडद निळ्या आणि लाल रंगातले, चांदण्यांसारख्या भौमितिक नक्षीचे कापड. कच्छ आणि सिंधमधले गुराखी ते लुंगी, पागोटे, खांद्यावरचे वस्त्र, प्रसंगी पाळण्याची झोळी म्हणूनही वापरीत. आज आपल्या शहरांतील प्रदर्शनांत अजरखच्या साड्या आणि कुडते विपुल दिसतात. त्यातील पुष्कळसे अजरख नसून यंत्रावर छापलेली तिची नक्कल असते, हे जाता जाता सांगून ठेवतो. खरे अजरख तयार होण्यास तीन आठवडे सहज लागतात. चौदा ते सोळा टप्पे असतात, आणि त्यात लागणारे जिन्नस ऐकले तर आपल्या आजीच्या बटव्याची आठवण व्हावी. एरंडेल, सोडा आणि उंटाची लीद यांच्या मिश्रणात कापड आधी मुरवतात आणि धुतात. मग हिरड्याच्या पाण्यात बुडवतात, त्याने ते फिकट पिवळे होते. चुना आणि डिंक यांच्या लेपाने पांढऱ्या रेषा छापतात, म्हणजे तेवढ्या जागी पुढे रंग चढत नाही. भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात बरेच दिवस आंबवून, चिंचोक्याचे पीठ घालून शिजवले की काळा रंग होतो. लालासाठी आधी तुरटी छापतात आणि नंतर मंजिष्ठेच्या काढ्यात कापड उकळतात. निळ्यासाठी निळीची कुंडी असते. ठसे सागवानाचे, एकाच नक्षीसाठी अनेक, आणि प्रत्येक ठसा आधीच्या ठशाच्या रेषेत केसाइतकाही न चुकता बसला पाहिजे. प्रत्येक टप्प्यानंतर धुणे आणि उन्हात वाळविणे आहेच.

या शब्दाची व्युत्पत्ती विद्वान लोक अरबीतील 'निळा' या अर्थाच्या शब्दापाशी नेतात. खत्री कारागीर मात्र दुसरीच सांगतात : 'आज रख'. आजचा दिवस राहू दे. म्हणजे एक टप्पा झाला की कापडाला हात न लावता ठेवून द्यायचे, पुढचे काम उद्या. विद्वानांचे बरोबर असेल. मला कारागिरांचे अधिक आवडते.

भूकंपाने धमडक्याची घरे जवळजवळ सगळी पाडली. पण घरे पुन्हा बांधता येतात. कारागिरांच्या ध्यानात एक गोष्ट हळूहळू आली, आणि ती अधिक धसका घेण्यासारखी होती : पाणी बदलले होते. भूगर्भातील हालचालीने पातळी खाली गेली आणि पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले. आवळा लोखंडी कढईत शिजवला तर काळा पडतो, हे आपल्यापैकी प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हिरडा आणि लोह यांचेही तसेच. अजरखचा काळा रंग मुळी त्याच रासायनिक क्रियेतून निघतो. परंतु धुण्याच्या पाण्यातच लोह आले, तर काळा रंग नको तेथेही येतो आणि सारे कापड मळकट होते. तुरटीवर खुललेला लाल मंदावतो. ज्या पाण्यासाठी पूर्वज तेथे आले होते, तेच आता कामाचे उरले नव्हते.

येथे मी आपणास थोडे थांबावयास सांगतो, कारण माझ्या पत्रलेखिकेच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या ठिकाणी आहे.

धमडक्याच्या मंडळींनी आपसांत बसून निर्णय केला. डॉ. इस्माइल महंमद खत्री हे त्यांतील एक अग्रणी. त्यांचे वडील महंमद सिद्दीक यांनी पूर्वीच, रासायनिक रंगांनी बाजार व्यापलेला असताना, विस्मरणात चाललेली नैसर्गिक रंगांची पद्धत पुन्हा उभी केली होती. पडझडीनंतर पुन्हा उभे राहणे त्या घराला अगदीच अपरिचित होते असे नाही. इस्माइलभाईंना पुढे २००३ मध्ये इंग्लंडमधील लेस्टरच्या डी माँटफर्ट विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. भुजपासून दहा-पंधरा किलोमीटरवर, जेथे पाणी चांगले होते तेथे, या कुटुंबांनी जमीन घेतली आणि नवे गाव वसविले. त्याला नाव दिले अजरखपूर. सर्व जण गेले नाहीत. काही कुटुंबे, त्यांत इस्माइलभाईंचे एक बंधूही, धमडक्यालाच राहिली आणि तेथेही छपाई चालूच राहिली. जाणाऱ्यांनी राहणाऱ्यांना किंवा राहणाऱ्यांनी जाणाऱ्यांना खोडून काढल्याचे कोठे दिसत नाही.

या स्थलांतरात आणि सांगलीच्या आजींच्या स्थलांतरात काय फरक आहे, हे मी सूनबाईंना लिहिले. खत्री मंडळींना कोणी उचलून नेले नाही. जुनी जागा त्यांनी पाहिली, तिचे पाणी तपासले, हे आता आपल्याला पुरणार नाही असे त्यांचे त्यांनी ठरविले. जाताना शेजारी बरोबर होते. ठसे बरोबर होते. आणि नव्या जागेला त्यांनी स्वतःच्या कामाचेच नाव दिले. आजींच्या बाबतीत यांतील एकही गोष्ट घडली नाही. पाणी ओसरल्यानंतरचे आपले घर त्यांनी पाहिलेलेच नाही. त्यांच्या दृष्टीने ते अजून पाण्याखालीच आहे. शेजार सुटला. पेटी गेली, आणि ती टाकताना त्यांना कोणी विचारले नाही. 'चार दिवस' म्हणून आणले, त्यामुळे निरोपही झाला नाही. मग दाराच्या फटीशी पाणी आले का, हे त्या चाचपून पाहतात यात नवल कोणते?

मुलाला मी दोष देत नाही. त्या आठवड्यात आईला कोरड्या जागी आणणे हेच त्याचे कर्तव्य होते आणि ते त्याने केले. चूक झाली असेल तर ती पुढच्या सहा महिन्यांत, जेव्हा सारे शांत झाले होते आणि आईशी बोलता आले असते. आपल्या घरांत वृद्धांना त्रास होऊ नये म्हणून त्यांना वगळून निर्णय घेण्याची एक पद्धत आहे. ती मायेपोटी असते, हे मी मान्य करतो. वैद्यकीय व्यवसायात उभे आयुष्य काढल्यावर मला तिची भीती वाटू लागली आहे.

किल्लारीच्या उदाहरणाने हे अधिक स्पष्ट होईल. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या त्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादमधील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. रस्ते रुंद, आखणी चौकोनी, घरे भूकंपरोधक. अभियंत्यांच्या दृष्टीने ते आवश्यकच होते, कारण जुन्या घरांच्या दगडी भिंती आणि धाब्यांवरील मातीचा भार यांनीच बळी घेतले होते. परंतु जुन्या गावातील चिंचोळ्या गल्ल्या, ओट्याला लागून ओटा, पारावरची बैठक, हे नव्या आखणीत विरून गेले. तरुणांनी मोटारसायकली घेतल्या. म्हाताऱ्या माणसांना मात्र मैत्रिणीचे घर आता पायी जाण्याच्या पल्ल्यात राहिले नाही. सुरक्षित घर आणि राहण्याजोगे घर यांत अंतर पडू शकते, आणि ते अंतर सर्वांत आधी ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना कळते.

कच्छमध्ये तरी सर्व सुरळीत झाले असे कोणी समजू नये. काही वर्षांपूर्वी थंडीच्या दिवसांत मी अजरखपूरला गेलो होतो. रण उत्सवाचा झगमगाट पाहून परतणाऱ्या प्रवाशांच्या गाड्या महामार्गावरून जात होत्या, आणि आत गावात ठशांचा आवाज येत होता : ठसा ठेवला, त्यावर मुठीचा एक ठोका, पुन्हा पुढे. एका छपरीखाली बऱ्याच वयाचे एक गृहस्थ बसले होते. छपाईचे काम त्यांच्याकडे दिसत नव्हते. पोरे वाळलेले कापड आणून त्यांच्यापुढे धरीत, ते चिमटीत धरून पाहत, आणि मान हलवीत. कधी होकारार्थी, कधी नाही. नाही म्हटले की कापड पुन्हा उन्हात जाई. सुमारे तासभर मी ते पाहत होतो. त्या तासात त्यांनी चार वेळा नकार दिला आणि चारही वेळा तो मानला गेला. आमच्या व्यवसायात ज्याला 'वृद्धांचे पुनर्वसन' म्हणतात, त्याविषयी मी अनेक परिषदांत भाषणे ऐकली आहेत. त्या छपरीत मला अधिक शिकायला मिळाले.

त्याच गावाच्या हद्दीत आता कच्छच्या हस्तकलांचे एक मोठे संग्रहालय उभे आहे. चंदाबेन श्रॉफ यांनी १९६९ च्या दुष्काळात भरतकाम करणाऱ्या स्त्रियांना काम मिळावे म्हणून 'श्रुजन' ही संस्था काढली होती. तिच्याच परिवाराने हे शिक्षण आणि संग्रहालयाचे केंद्र २०१६ मध्ये सुरू केले. थंडीत तेथे उत्सव भरतो. कारागीर येतात, लोकगायक गातात, आयाबाया भरतकाम दाखवतात. २००५ मध्ये कुकमा येथे 'खमीर' ही संस्था निघाली, तीही भूकंपानंतरच्या पुनर्उभारणीतूनच. २०२४ मध्ये कच्छी अजरखला भौगोलिक मानांकन मिळाले तेव्हा कारागिरांना साहजिकच आनंद झाला. योगायोग असा की त्याच वर्षी आपल्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्यालाही ते मिळाले. म्हणजे आमच्या आजींच्या गावाला लागूनच.

दुसरीकडे भुजच्या भुजियो डोंगरावर 'स्मृतिवन' आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. भूकंपात गेलेल्यांच्या स्मरणार्थ तेथे झाडे लावली आहेत आणि त्यांची नावे कोरली आहेत. एका बाजूला उत्सव आणि दुसऱ्या बाजूला नावांच्या पाट्या, ही दोन्ही ठिकाणे एकाच दिवशी पाहता येतात. यंदाच्या जानेवारीत त्या घटनेला पंचवीस वर्षे झाली. कच्छी लोकांचे नवे वर्ष आषाढी बीजेला असते, आणि ते तर याच पावसाळी दिवसांत येते. तेथील माणसे वर्षातून एक दिवस रडतात आणि अनेक दिवस ठसा मारतात. आमच्या घरांत मात्र अनेकदा रडण्याला बंदी असते आणि कामालाही. 'आई, तू आता काही करू नकोस, नुसती आराम कर', हे वाक्य आपण किती सहज बोलतो!

आता पत्रातील वैद्यकीय भागाकडे वळू.

एखाद्या आघाताच्या वार्षिक तिथीच्या सुमारास दुःख पुन्हा उसळणे ही ओळखीची गोष्ट आहे. तारीख ध्यानात नसली तरी शरीराला पावसाचा आवाज, ओल्या भिंतीचा वास, ढगाळ उजेड पुरतो. ही प्रतिक्रिया थोड्या दिवसांत ओसरत असेल, माणूस बोलत असेल, तर सोबत पुरेशी असते. पण झोप आणि भूक दोन आठवड्यांहून अधिक काळ बिघडली, वजन उतरू लागले, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा येऊ लागली, तर तो नैराश्याचा आजार समजून डॉक्टरांकडे गेलेच पाहिजे. वृद्धांमधील नैराश्य पुष्कळदा दुःखाच्या रूपाने समोर येतच नाही. अंग दुखते, पोट बरोबर नाही, डोके रिकामे वाटते, काही लक्षात राहत नाही, अशा तक्रारी असतात.

येथेच विस्मरणाच्या आजाराशी त्याची गल्लत होते. ढोबळ खूण अशी की नैराश्यातील माणूस स्वतःच तक्रार करतो, 'मला काही आठवत नाही हो', आणि विचारले तर 'माहीत नाही' म्हणून सोडून देतो. स्मृतिभ्रंशाच्या माणसाला बहुधा स्वतःला काही झाले आहे असे वाटत नाही. तो आठवण नसलेली जागा कशाने तरी भरून काढतो आणि तक्रार घरची मंडळी करतात. दोन्ही एकत्रही असू शकतात, म्हणून घरच्या घरी निदान करू नये. आणखी एक गोष्ट. विस्मरणाचा संशय आला की थायरॉईड, जीवनसत्त्व बी-१२, रक्तातील सोडियम आणि साखर यांची तपासणी करावी. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी सोडियम उतरते आणि चांगला शहाणा माणूस गोंधळल्यासारखा वागू लागतो. कान आणि डोळे तपासणे तर कोणी विसरू नये. ज्याला ऐकू येत नाही तो उत्तर देत नाही, आणि आपण समजतो की त्याचे ध्यान नाही. अचानक, एक-दोन दिवसांत उद्भवलेला गोंधळ असेल तर मात्र वाट न पाहता रुग्णालयात न्यावे. त्यामागे लघवीचा जंतुसंसर्ग, निमोनिया किंवा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो.

मनाच्या तक्रारींसाठी शासनाची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तेथे मराठीतून बोलता येते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही 'एल्डरलाइन' आहे. हे दोन आकडे मोठ्या अक्षरांत लिहून फोनपाशी चिकटवावेत.

आणि ज्यांची घरे नदीकाठी आहेत त्यांच्यासाठी, पाऊस लागलाच आहे म्हणून, एक छोटीशी सूचना. वृद्ध माणसाची एक पिशवी आजच भरून दाराजवळच्या खुंटीवर अडकवावी. तीत प्लास्टिकच्या आवरणात आठवड्याची औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, जुना पण चालणारा चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्राचे सेल, कागदावर लिहिलेले चार फोन क्रमांक. फोन भिजतो, कागदही भिजतो, पण तो आवरणात ठेवता येतो. आणि शक्य असेल तर त्या माणसाला विचारून त्याची एक वस्तू. आजींना कोणी विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते? सुयांची डबी, असे मला वाटते. होडीत तिला जागा सहज झाली असती.

सांगलीला न्यावे का, या प्रश्नावर माझे मत स्पष्ट आहे. न्यावे. झड लागण्यापूर्वी, कोरड्या दिवशी, मुलाने स्वतः बरोबर जावे. एका दिवसात परतण्याची घाई नको, शेजारणीकडे मुक्काम ठरवावा. घरात पाऊल टाकल्यावर त्या रडतील. रडू द्यावे, पाणी द्यावे, जवळ बसावे. 'जाऊ दे आता, झालं ते झालं' असे कोणी म्हणू नये. पाण्याची खूण भिंतीवर असेल तर ती त्यांनी हाताने पाहावी. त्यांची मनःस्थिती फारच नाजूक असेल, रात्रीच्या रात्री झोप नसेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घेऊन मग जावे. सहीचा कागद या भेटीत नेऊ नये. तिची वेळ नंतर. घर विकावे की ठेवावे हे मी सांगणार नाही, तो त्या कुटुंबाचा व्यवहार आहे आणि जुन्या घराची डागडुजी किती खर्चाची असते हे मला ठाऊक आहे. परंतु घर विकले जाणार असेल तर ते आजींनी विकावे, पाहून, हिंडून, कोनाड्यांना हात लावून. धमडक्याचे पाणी ज्यांनी स्वतः चाखले त्यांनीच धमडका सोडला होता.

वाकळीविषयी मी एवढेच लिहिले होते की 'तुम्ही शिवा' असा आग्रह करू नये. त्याऐवजी सूनबाईंनी स्वतःच्या दोन जुन्या साड्या काढाव्यात, त्यांच्यापुढे बसून वेडावाकडा धावदोरा घालावा आणि काय होते ते पाहावे.

हे सदर छापण्यास जाण्याच्या आधी सूनबाईंचे दुसरे पत्र आले. त्या लिहितात : सासूबाई दोन दिवस नुसत्या पाहत होत्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, 'अगं, ही काय वाकळ आहे का? पोरगं गुदमरेल की यात.' मग सुई हातात घेतली, नाकाशी नेली, दूर धरली, आणि चिडून खाली ठेवली. दोरा ओवता येईना. नेत्रतज्ज्ञांकडे नेले तेव्हा दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. सात वर्षे सर्वांना वाटत होते की त्यांचे मन सुईतून उडाले. मन उडाले होतेच, त्यात शंका नाही. पण ते परत येऊन केव्हापासून दाराशी थांबले असेल, कोण जाणे.

त्यांचा नवा प्रश्न असा : शस्त्रक्रियेसाठी याच महिन्यातली तारीख मिळते आहे आणि सांगलीला जाण्याचेही याच महिन्यात ठरले आहे, तर आधी काय करावे? माझा सल्ला, नेत्रतज्ज्ञांची हरकत नसल्यास, आधी सांगली. जुने बंद घर उघडायचे म्हणजे धूळ आणि बुरशी आली, आणि शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे डोळ्यांना दोन्ही वर्ज्य. मोतीबिंदू पंधरा दिवस थांबतो. जिना उतरताना मात्र हात धरावा, कारण पिकलेल्या मोतीबिंदूत पायऱ्यांच्या कडा दिसत नाहीत. तोवर सुईत दोरा सूनबाईंनी ओवून द्यावा, एका वेळी चार-पाच सुया, निरनिराळ्या रंगांच्या.